चाकाचे नट नेमके किती आवळावेत?

घाटवाट
टायर बदलून किंवा अलाइनमेंट करून गाडी परत घेताना आपण हवेचा दाब विचारतो, बिल तपासतो. पण चाकाचे नट कोणी, कशाने आणि किती आवळले याची चौकशी सहसा कोणी करत नाही. हवेच्या गनने नट आणखी फिरेनासा होईपर्यंत आवळला म्हणजे काम चोख झाले, असा समज दुकानदार आणि ग्राहक या दोघांमध्येही रुजलेला आहे. तो समज चुकीचा आहे आणि त्यातून खरे नुकसान होते, म्हणून या विषयावर सविस्तर चर्चा व्हावी असे मला मनापासून वाटते.

मुळात नट काय करतो ते आधी पाहू. चाक हबच्या (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाच्या) स्टडवर, म्हणजे आटे पाडलेल्या दांड्यांवर, टांगलेले असते असे दिसते, पण तसे ते असणे अपेक्षित नाही. नट आवळला की पोलादी स्टड किंचित लांबतो आणि एखाद्या ताठ स्प्रिंगसारखा मूळ लांबीवर परत येण्याची धडपड करतो. त्या ओढीमुळे चाकाची आतली सपाट बाजू हबवर, किंवा मधल्या ब्रेक डिस्कवर, घट्ट दाबली जाते. गाडी पुढे ढकलण्याचा जोर, ब्रेकचा जोर, वळणावरचा रेटा हे सगळे प्रामुख्याने त्या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणातून पार होते. दाब पुरेसा असला की स्टडवर आडवा भार जवळजवळ येत नाही. दाब कमी पडला की चाक हबवर अगदी सूक्ष्म सरकू लागते, आणि तिथून नट सैल होणे, भोके अंडाकृती होणे, स्टड थकून तुटणे हा प्रवास सुरू होतो.

म्हणून प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत आवळण्याचा आकडा दिलेला असतो. टोयोटाच्या बऱ्याच कारसाठी तो १०३ न्यूटन मीटर (हे पिळाचे, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे एकक) आहे, होंडाच्या बऱ्याच कारसाठी १०८, आणि फोक्सवॅगन व स्कोडाच्या अनेक कारसाठी १२०. ह्युंदाईच्या जुन्या पुस्तिकांत ९ ते ११ किलोग्रॅम मीटर असे लिहिलेले असे, नव्यांत ते ११ ते १३, म्हणजे साधारण १०७ ते १२७ न्यूटन मीटर, असे आहे. एकाच कंपनीचा आकडा असा बदलत असेल तर शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावण्यात अर्थ नाही. एककाकडेही लक्ष असावे: परदेशी व्हिडिओंमध्ये बऱ्याचदा फूट-पाउंडात आकडा सांगतात आणि एक फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन मीटर. तिथला ८० हा आकडा तसाच उचलला तर नट जवळपास पाव हिश्शाने कमी आवळला जातो.

नगरकर_७
विषय महत्त्वाचा आहे, याबद्दल दुमत नाही. तरीही एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. आमच्या घरी वडिलांच्या काळापासून गाडीसोबत आलेला एल पाना नटाला लावून त्यावर पाय देऊन पूर्ण वजन टाकण्याची पद्धत आहे, आणि आजवर आमच्या गाडीचे चाक सैल झाल्याचे मला आठवत नाही. सैल नटाचा धोका कोणालाही कळेल. जास्त आवळल्याने नेमके काय बिघडते, हे कोणी हिशेबासह समजावून सांगू शकेल का?

यंत्रवेध
प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबानेच द्यायला हवे.

पान्याची लांबी ३० सेंटिमीटर आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे वजन ७० किलो धरू. पाना आडवा असताना नटावर पडणारा पीळ सुमारे २०६ न्यूटन मीटर होतो, म्हणजे ११० न्यूटन मीटर सांगितलेल्या नटाला जवळपास दुप्पट. वरून उडी मारल्यासारखा झटका दिला तर त्याहूनही जास्त.

आता हा पीळ स्टडला किती ताणतो ते पाहू. आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या कारचे स्टड १२ मिलिमीटर व्यासाचे असतात. आटे स्वच्छ आणि कोरडे असतील तर ११० न्यूटन मीटरला एका स्टडमध्ये सुमारे ४६ किलोन्यूटन ताण येतो. साडेचार टनांहून अधिक वजन लटकवल्यासारखा हा ताण आहे, आणि असे चार किंवा पाच स्टड मिळून चाक धरून ठेवतात. याच हिशेबाने २०६ न्यूटन मीटरला ताण ८६ किलोन्यूटनवर जातो. १०.९ या मजबुती-वर्गाचा, लगतच्या दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर असलेला असा स्टड कायमचा न लांबता सुमारे ७३ किलोन्यूटनपर्यंत ताण झेलतो. त्यापुढे तो लांबतो आणि पूर्वीच्या लांबीवर परत येत नाही.

चाक निघाले नाही याचा अर्थ नुकसान झाले नाही असा होत नाही. एकदा असा लांबलेला स्टड पुढच्या वेळी योग्य आकड्यावर आवळला तरी त्याचे वर्तन भरवशाचे राहत नाही. आटे ओढले गेलेले असतात, आणि पुन्हा पुन्हा तसेच आवळले तर तो एक दिवस नट काढतानाच तुटतो. याशिवाय ज्या नटावर घरच्या माणसाने उभे राहून जोर दिला, तो रात्री महामार्गाच्या कडेला घरातल्या दुसऱ्या कोणाला त्याच पान्याने सुटेल का, याचाही विचार व्हावा.

सागरकिनारा
मी रत्नागिरीजवळ राहतो. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे नट तर गंजतातच, पण चाक हबला असे धरून बसते की सगळे नट काढल्यावरही ते हलत नाही. यावर इथल्या बहुतेक गॅरेजांमध्ये स्टडला सरळ ग्रीस फासतात किंवा इंजिनातले जुने तेल लावतात. नट अगदी मऊ फिरतो आणि पुढच्या वेळी सहज सुटतो. यंत्रवेध यांनी 'स्वच्छ आणि कोरडे' असे शब्द वापरले आहेत, म्हणून विचारतो: तेल लावणे चूक आहे का? आणि चूक असेल तर गंजावर आम्ही करायचे काय?

यंत्रवेध
या सगळ्या विषयातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा तुम्ही काढला आहे.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला पीळ आला की क्लिक करणारा पाना, मोजतो तो पीळ. आपल्याला हवा असतो तो ताण. नटावर लावलेल्या पिळापैकी ढोबळमानाने नऊ-दशांश हिस्सा घर्षणातच खर्च होतो, थोडा आट्यांमध्ये आणि थोडा नटाच्या बैठकीखाली, म्हणजे नट चाकावर टेकतो तिथे. स्टड ताणण्याच्या कामी येतो तो जेमतेम एक-दशांश. त्यामुळे घर्षण थोडे जरी बदलले तरी ताण खूप बदलतो. पुस्तिकेतला आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. आट्यांना आणि बैठकीला तेल लावून त्याच ११० न्यूटन मीटरला नट आवळला तर ताण ४६ ऐवजी ६० किलोन्यूटनच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे रेंचने प्रामाणिकपणे क्लिक केले तरी स्टड एक-तृतीयांशाने जास्त ताणलेला असतो. गंजलेल्या आट्यांचे याच्या नेमके उलट होते: सगळा जोर गंजाशी झगडण्यात जातो, रेंच क्लिक करतो आणि चाकावरचा दाब मात्र अपुराच राहतो. माझ्या मते हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण काम बरोबर झाल्याची खात्री मनात घेऊन माणूस गाडी चालवायला लागतो.

तेव्हा कोकणातल्या गाडीसाठी उपाय असा. तारेच्या ब्रशने स्टडचे आटे साफ करावेत आणि कोरड्या फडक्याने पुसावेत. हबचा सपाट पृष्ठभाग आणि चाकाची तिथे टेकणारी बाजू यांवरचा गंज व मातीचे थर काढावेत. तिथे राहिलेला पापुद्रा गाडी चालल्यावर दबतो आणि तेवढ्याने नटाचा ताण उतरतो. चाक धरून बसते ते मुख्यतः हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर, म्हणून गंजरोधक ग्रीसचा अगदी पातळ हात फक्त त्या उंचवट्याच्या कडेला द्यावा. आट्यांवर, नटाच्या बैठकीवर आणि सपाट पृष्ठभागावर काहीही नको. तुमच्या गाडीची पुस्तिका स्वतःच आट्यांना तेल लावायला सांगत असेल तरच अपवाद. ज्यांचे आटे ब्रशनेही साफ होत नाहीत ते नट आणि स्टड बदलणेच योग्य.

अडकलेले चाक सोडवताना नट पूर्ण काढू नयेत. दोन-तीन आटे लावलेले ठेवून टायरच्या कडेवर समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने रबरी हातोडीने ठोकावे. गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली कोणीही जाऊ नये, हात घालूनसुद्धा नाही.

मृण्मयी_प
मी रोज एकटी कार चालवते आणि माझ्याकडे टॉर्क रेंच नाही. रस्त्यात स्टेपनी लावायची वेळ आली तर कोणता क्रम पाळावा, आणि ११० न्यूटन मीटर म्हणजे हाताला नेमके किती, हे मला कळले तर फार उपयोग होईल.

घाटवाट
हे प्रत्येक वाहनचालकाला यायला हवे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा आणि कर्णाच्या टोकावरच्या चाकाला दगड लावावा. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट फक्त पाव फेरा सैल करावा; गाडी उचलल्यावर जोर लावायला गेल्यास चाक फिरते आणि गाडी जॅकवरून घसरण्याची भीती असते. मग गाडी उचलून नट काढावेत, स्टेपनी चढवावी आणि सगळे नट हाताने, बोटांनी, निदान चार-पाच फेरे तरी लावावेत. हाताने लावण्याचे कारण असे की आटा तिरका बसत असेल तर बोटांना ते लगेच जाणवते, आणि गनला ते कधीच जाणवत नाही. मारुती सुझुकीच्या स्टडचा आटा सहसा १.२५ मिलिमीटरचा असतो आणि टोयोटा, होंडा, ह्युंदाईचा १.५ मिलिमीटरचा, दोन्ही स्टड १२ मिलिमीटरचेच असल्याने चुकीचा नट आधी बसल्यासारखा वाटतो आणि गन लावली की आटे जातात.

त्यानंतर पान्याने नट टेकेपर्यंत आवळावेत, पण लगत असलेल्या क्रमाने नव्हे. चार नट असतील तर समोरासमोर. पाच असतील तर त्यांना गोलाने १ ते ५ क्रमांक द्यावेत आणि १, ३, ५, २, ४ असे जावे, म्हणजे प्रत्येक वेळी एक नट ओलांडला जातो. शेजारचे नट ओळीने आवळले तर चाक एका बाजूने आधी टेकते आणि दुसऱ्या बाजूला केसाएवढी फट राहते. शेवटचा नट घट्ट वाटतो, पण त्याचा जोर चाक वाकडे ओढण्यात गेलेला असतो. सगळे नट टेकले की टायर जमिनीला लागेपर्यंत गाडी खाली घ्यावी आणि त्याच क्रमाने दोन टप्प्यांत आवळावे: एकदा निम्म्या जोराने, मग पूर्ण.

आता हाताच्या अंदाजाबद्दल. ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला काटकोनात २८ किलोचा जोर लावला की ११० न्यूटन मीटर होतात. ३० सेंटिमीटरच्या पान्याला तेवढ्याच पिळासाठी साधारण ३७ किलोचा जोर लागतो. प्रवासाच्या बॅगा मोजण्याचा हुकाचा काटा बऱ्याच घरांत असतो. घरी निवांत असताना तो पान्याच्या टोकाला अडकवून, सावकाश आणि पान्याशी काटकोन राखून, सांगितलेल्या आकड्यापर्यंत ओढून पाहा. यामुळे आपल्या हाताला त्या जोराची ओळख होते, आणि रस्त्यात तेवढी पुरते. घरी किंवा पुढच्या गॅरेजमध्ये पोहोचल्यावर टॉर्क रेंचने पक्के करून घ्यावे.

उत्तरेकडचा_मराठी
जर्मनीतून लिहितो आहे. इथे उन्हाळी आणि हिवाळी टायर वेगळे ठेवण्याची रीत आहे. साधारण ऑक्टोबरमध्ये हिवाळी चढवतात आणि ईस्टरच्या सुमारास उतरवतात. त्यामुळे चाके काढणे-घालणे वर्षातून दोनदा ठरलेले असते, अनेक जण ते घरीच करतात, आणि टॉर्क रेंच ही अगदी सामान्य घरगुती वस्तू आहे. गॅरेजमध्ये काम करून घेतले तर ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या, अशी सूचना बहुधा बिलावरच छापलेली असते.

फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांना स्टड आणि नट नसून सरळ हबमध्ये जाणारे बोल्ट असतात. आपल्याकडच्या पोलो, रॅपिडच्या मालकांना हे ठाऊक असेलच. अशा गाडीवर चाक टांगायला काही नसल्याने, वरच्या भोकात तात्पुरती मार्गदर्शक पिन लावून त्यावर चाक सरकवणे सोयीचे पडते.

बैठकीचा मुद्दा मात्र अजून कोणी मांडलेला नाही. फोक्सवॅगनच्या बोल्टची बैठक गोलाकार असते. होंडाच्या मूळ चाकांसाठीच्या नटांचीही गोलाकारच असते. बाजारातली बहुसंख्य अलॉय चाके ६० अंशांच्या शंकूच्या बैठकीसाठी केलेली असतात, आणि टोयोटाच्या अनेक मूळ अलॉय चाकांना सपाट वॉशरचे नट लागतात. गोल बैठकीच्या नटाने शंकूच्या भोकातले चाक आवळले तर दोन्ही फक्त एका बारीक कड्यावर टेकतात. रेंचचा आकडा बरोबर येतो, पण थोड्याच अंतरात ती कड दबते आणि ताण निघून जातो. बाहेरून अलॉय घेताना जुनेच नट वापरून पैसे वाचवण्याचा मोह कृपया टाळावा. स्टेपनी स्टीलची आणि बाकी चाके अलॉयची असतील तर तिला कोणते नट चालतात, हे पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावे. नट स्टडवर किमान स्टडच्या व्यासाएवढा, म्हणजे १२ मिलिमीटर, चढायला हवा: १.५ च्या आट्याला आठ फेरे, १.२५ च्या आट्याला जवळपास दहा. स्पेसर, म्हणजे चाक आणि हब यांमध्ये घातलेली जाड चकती, लावलेल्या गाड्यांमध्ये नेमके इथेच कमी पडते.

नगरकर_७
यंत्रवेध यांचा हिशेब वाचून मी पान्यावर उभे राहण्याची पद्धत सोडायचे ठरवले आहे. आता दुसरा प्रश्न. कंपनाने नट सुटतात असे आपण ऐकतो. मग नटाखाली स्प्रिंग वॉशर टाकला तर ही सारी काळजी मिटणार नाही का?

यंत्रवेध
नाही, आणि याचे कारण अर्धशतकापूर्वीच सिद्ध झालेले आहे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले की बोल्ट सुटण्यामागे सर्वांत मोठे कारण बोल्टच्या लांबीच्या दिशेचे कंपन नसून आडवी हालचाल असते. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांमधले घर्षण जणू क्षणभर नाहीसे होते आणि ताणलेला स्टड स्वतःच नटाला उलटे फिरवतो. ही चाचणी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि तीत स्प्रिंग वॉशर जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण नट पुरता आवळला की तो पूर्ण चपटा होतो आणि स्टडमधल्या ताणापुढे त्याचा जोर नगण्य असतो. चाकाच्या नटाखाली तर तो बैठकच बिघडवतो. पुरेसा ताण असला की भाग सरकत नाहीत, आणि सरकले नाहीत तर नट सुटत नाही; उपाय तिथेच आहे.

रंग अजून नवा असलेली चाके, नवे अलॉय, नुकतीच बदललेली डिस्क यांमध्ये रंगाचा आणि पृष्ठभागाच्या सूक्ष्म उंचवट्यांचा थर सुरुवातीला दबतो. म्हणूनच ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून पाहण्याला महत्त्व आहे. मात्र ती तपासणी चाके थंड असताना करावी. कशेडी घाट उतरून आल्याबरोबर, ब्रेक तापलेले असताना, मुळीच नाही.

आणखी एक बारकावा. आधीच अति आवळलेल्या नटावर टॉर्क रेंच लावला तर तो तत्काळ क्लिक करतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की सर्व ठीक आहे. रेंच फक्त 'या आकड्यापेक्षा कमी नाही' एवढेच सांगतो. गनने आवळलेले नट तपासायचे असतील तर एकेक नट पूर्ण सैल करून नव्याने आवळावा लागतो.

मृण्मयी_प
टायर बदलल्यानंतर काही महिन्यांनी माझ्या गाडीचे ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू लागले आहे. याचा नटांशी संबंध असू शकतो का?

घाटवाट
असू शकतो. एक नट ८० ला, शेजारचा २०० ला अशी अवस्था असेल तर चाक आणि हब यांच्यामध्ये अडकलेली डिस्क अगदी सूक्ष्म वाकते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, पण दर फेऱ्याला डिस्कची तीच बाजू पॅडला घासत राहते, काही हजार किलोमीटरमध्ये तिथली जाडी कमी होते आणि ब्रेक दाबला की पॅड मागेपुढे ढकलले जाऊन थरथर स्टिअरिंगपर्यंत येते. आधी सगळे नट सैल करून क्रमाने आणि मोजून आवळून घ्या. डिस्क नुसती ताणाखाली वाकली असेल तर फरक पडेल. जाडीच असमान झाली असेल तर डिस्क घासून किंवा बदलून घ्यावी लागेल. वेग घेतल्यावर ब्रेक न दाबताही थरथर होत असेल तर आधी बॅलन्सिंग पाहावे. आणि चाकातून ठकठक आवाज येत असेल किंवा नटांभोवती गंजाच्या ताज्या रेषा दिसत असतील, तर गाडी लगेच बाजूला घेऊन नट तपासावेत.

सागरकिनारा
दुकानात हे कसे सांगावे? गन वापरू नका म्हटले की समोरचा दुखावतो, आणि त्याचेही खरे आहे, दिवसभर हाताने आवळणे त्याला शक्य नाही.

घाटवाट
गनला मनाई करण्याची गरज नाही. नट हाताने चार फेरे लावावेत, गन सर्वांत कमी जोरावर ठेवून नट फक्त टेकेपर्यंत न्यावेत आणि शेवटचे आवळणे टॉर्क रेंचने करावे, एवढीच विनंती करावी. दुकानात रेंच नसेल तर स्वतःचा न्यावा आणि आकडा आधीच लावून हातात द्यावा. बहुतेक कारागीर आनंदाने वापरतात, असा माझा अनुभव आहे. घेताना अर्धा इंची चौकोनाचा, साधारण ४० ते २०० न्यूटन मीटरचा घ्यावा. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे अशा रेंचची अचूकता अधिक-उणे ४ टक्क्यांच्या आत असावी लागते. त्याने नट कधी सोडवू नयेत, एका क्लिकनंतर थांबावे, आणि काम झाले की आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, म्हणजे आतली स्प्रिंग दबून राहत नाही. सॉकेट आपल्या गाडीचा घ्यावा: सुझुकी आणि होंडाला सहसा १९, टोयोटा आणि ह्युंदाईला २१, फोक्सवॅगनला १७ मिलिमीटर.

नगरकर_७
शेवटची शंका. आमच्या गाडीचे नट इतकी वर्षे अति आवळले गेले आहेत. सगळे स्टड बदलावेत का?

यंत्रवेध
सरसकट नको, आधी पारखून घ्या. चाक काढून, आटे ब्रशने साफ करून, प्रत्येक स्टडवर चांगल्या अवस्थेतला नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहा. चांगल्या स्टडवर तो मुळापर्यंत सहज जातो. लांबलेल्या स्टडवर तो मध्येच जड होतो, कारण तिथल्या आट्यांमधले अंतर वाढलेले असते. आवळताना नट फिरत राहतो पण जोर वाढत नाही, असे जाणवले तर तो स्टड संपला असे समजावे. असे जे निघतील ते बदलावेत. एखादा तुटलेला असेल तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनी त्याचा भार वाहिलेला असतो, म्हणून तेही सोबत बदलावेत. स्टड हबमध्ये मागून दाबून बसवलेले असतात. ते प्रेसने किंवा ओढून बसवणाऱ्या योग्य साधनाने बसवून घ्यावेत. आणि बदललेल्या चाकाची तपासणी १०० किलोमीटरच्या आत पुन्हा करावी.